नववी चिप

"ईसीसी रॅम? ते सर्व्हरला लागतं साहेब. तुमच्या पतसंस्थेला काय करायचंय?"

हे वाक्य मला मे महिन्यात फोनवर ऐकवलं गेलं. आमच्या तालुक्याच्या गावी एक छोटी पतसंस्था आहे. माझे वडील तिथे एकवीस वर्षं लिपिक होते. ते निवृत्त झाले, तरी संस्थेत कॉम्प्युटरचं काही निघालं की फोन अजून आमच्याच घरी येतो, कारण मुलगा पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. या वेळी जुनं मशीन बदलायचं होतं. तीन कोटेशनं आली होती. सचिवांनी त्यांचे फोटो काढून मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. तिन्हींत पहिली ओळ सारखीच होती : 'सर्व्हर – १ नग'. त्याखाली तपशील : कोअर आय७, ३२ जीबी रॅम, काचेचं कॅबिनेट. एकात तर रंगीत दिव्यांचे पंखेही होते.

म्हणजे बघा, साडेतीन हजार खातेदारांचा हिशेब ज्या मशीनवर राहणार, त्याला कागदावर 'सर्व्हर' म्हणायला कुणाचीच हरकत नव्हती. बिलही त्याच नावाने निघणार होतं. पण सर्व्हरमध्ये असायलाच हवी अशी एक गोष्ट मी मागितली, तेव्हा मात्र उत्तर आलं की ते सर्व्हरला लागतं, तुम्हाला कशाला?

मी त्या दुकानदारावर चिडलेलो नाही. त्याला जे शिकवलं गेलं, ते तो बोलला. माझं भांडण ज्यांनी हे शिकवलं त्यांच्याशी आहे. सर्व्हरच्या आणि डेस्कटॉपच्या प्रोसेसरमध्ये जे फरक सांगितले जातात, त्यातले बहुतेक खरे आहेत. ते कामातून आलेले आहेत. एक फरक मात्र कामातून आलेला नाही, तो बाजाराने पाडलेला आहे. आणि त्याची किंमत काउंटरमागे बसलेली माणसं मोजतात.

आधी खरे फरक

ते समजले नाहीत तर खोटा ओळखू येणार नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

माझा मामेभाऊ डिप्लोमाला आहे. गेल्या वर्षी त्याचा मेसेज आला, "दादा, सर्व्हरचा प्रोसेसर मिळतोय, जुना. १४ कोअर! आय३ला चारच असतात. घेऊ ना?" तो झिऑन ई५-२६८० व्ही४ होता. २०१६ साली आलेला, तेव्हा १,७४५ डॉलर किमतीचा. डेटा सेंटरमधून निवृत्त होऊन असे प्रोसेसर भंगाराच्या वाटेने बाजारात येतात आणि स्वस्त मदरबोर्डवर बसवून 'सर्व्हर पॉवर' म्हणून पोरांना विकले जातात. पोरांना वाटतं सर्व्हर म्हणजे डेस्कटॉपचा थोरला भाऊ. तेच काम, फक्त जास्त ताकद.

तसं नसतं. इंग्रजीतल्या त्या शब्दाचा साधा अर्थ आहे वाढपी. लग्नाची पंगत डोळ्यांसमोर आणा. पाचशे माणसं बसली आहेत. तिथे एक वाढपी किती चपळ आहे याला फारसं महत्त्व नसतं. वाढपी किती आहेत, वरणाच्या बादल्या किती आहेत आणि मुदपाकखान्यापासून पंगतीपर्यंत वाटा किती रुंद आहेत, यावर पंगत उठते. घरी एकटा माणूस ताटावर बसला असेल तर चित्र उलटं. तिथे चाळीस वाढपी उभे करून उपयोग नाही. तव्यावरची पोळी ताटात किती लवकर पडते, एवढंच त्याला हवं असतं.

आता आकडे पाहू. २०२२ साली एएमडीने दोन प्रोसेसर आणले. डेस्कटॉपसाठी रायझन ९ ७९५०एक्स : १६ कोअर, कमाल वेग ५.७ गिगाहर्ट्‌झ, १७० वॅट. सर्व्हरसाठी एपिक ९६५४ : ९६ कोअर, कमाल वेग ३.७ गिगाहर्ट्‌झ, ३६० वॅट. भागाकार करून बघा. डेस्कटॉपच्या एका कोअरच्या वाट्याला साधारण साडेदहा वॅट येतात, सर्व्हरच्या कोअरला पावणेचार. एका कोअरला धावायला मोकळीक द्यायची, की शंभरएक कोअर दिवसरात्र न तापता चालवायचे, असा हा निवड करण्याचा प्रश्न आहे. विजेचं आणि उष्णतेचं गणित दोन्ही एकाच वेळी देत नाही.

कोअर वाढवले की त्यांना खायलाही घालावं लागतं. म्हणून डेस्कटॉपवर रॅमकडे जाणारे दोन रस्ते असतात, तर त्या एपिकला बारा. डेस्कटॉपवर ग्राफिक्स कार्ड, डिस्क जोडायला पीसीआयईच्या दोन डझन लेन असतात, एपिकला १२८. एपिकवर ६ टेराबाइटपर्यंत रॅम बसते. एकाच बोर्डवर असे दोन प्रोसेसर बसवून जोडीने राबवता येतात. हजारो लोक एकाच वेळी तिकीट काढतात किंवा पैसे पाठवतात, तेव्हा हे सगळं कामाला येतं. प्रत्येकाचं काम छोटं आणि दुसऱ्यापासून वेगळं असतं, म्हणून ते ९६ जणांत वाटता येतं.

माझ्या भावाचा गेम असा वाटता येत नाही. गेमचा बराचसा भार एकदोन धाग्यांवर असतो, आणि तिथे प्रश्न येतो एकट्या कोअरच्या चपळाईचा. ३.३ गिगाहर्ट्‌झला थांबणारा २०१६चा झिऑन तिथे २०२२च्या चार कोअरच्या आय३-१२१००च्या मागे पडतो, आणि चांगलाच मागे पडतो. भावाला मी आय३ घ्यायला सांगितलं. त्याने घेतला, पण मित्रांना सांगायला १४ हा आकडा राहिला नाही याची खंत त्याला अजून आहे.

तर हे झाले खरे फरक. यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. ज्याला पंगत वाढायची आहे त्याने २०२२ साली ११,८०५ डॉलरला आलेला तो एपिक घ्यावा. ज्याला गेम खेळायचा आहे त्याने तसले पैसे वाया घालवू नयेत.

आता पाडलेला फरक

साधी रॅमची पट्टी हातात घेऊन मोजा. डीडीआर४च्या नेहमीच्या पट्टीवर एका बाजूला आठ काळ्या चिप असतात. ईसीसीच्या पट्टीवर त्याच जागेत नऊ. हा सगळा लेख त्या नवव्या चिपबद्दल आहे.

आठ चिपमध्ये मिळून एका वेळी ६४ बिट माहिती राहते. नवव्या चिपमध्ये माहिती नसते, तिथे रुजवात असते. ज्यांनी हातानं खतावणी लिहिली आहे त्यांना हे एका मिनिटात कळेल. तक्त्यात आकडे मांडले, प्रत्येक ओळीची आडवी बेरीज घेतली आणि प्रत्येक स्तंभाची उभी. नंतर मधला एखादा आकडा कुणी बदलला, तर एक आडवी आणि एक उभी बेरीज चुकते. त्या दोघी जिथे छेदतात, तिथेच चूक. म्हणजे चूक झाली हे तर कळतंच, कुठे झाली हेही कळतं, आणि बिट शून्य किंवा एकच असू शकत असल्याने बरोबर काय होतं हेही कळतं. नववी चिप साधारण हेच करते. ६४ बिटांमागे ८ जादा बिट. एक बिट उलटला तर तो दुरुस्त होतो, दोन उलटले तर निदान गडबड झाल्याचं कळतं, आणि दोन्हीची नोंद ऑपरेटिंग सिस्टिमकडे जाते.

ही कल्पना आजची नाही. बेल लॅब्जमध्ये रिचर्ड हॅमिंग हा गणितज्ञ शनिवार-रविवारी मशीनवर काम लावून जायचा. मशीन चूक ओळखायचं, पण ओळखली की त्याचं काम सोडून पुढच्याकडे वळायचं. सोमवारी येऊन बघावं तर हाती काही नाही. वैतागून त्याने विचार केला की यंत्राला चूक कळते, तर ती दुरुस्त का करता येऊ नये? त्यातून १९५० साली चूक सुधारणाऱ्या संकेतांवरचा त्याचा निबंध आला.

आणि ही गोष्ट फक्त मोठ्या यंत्रांसाठी होती असंही नाही. १९८१ साली आयबीएमचा पहिला पीसी आला, घराघरांतल्या डेस्कटॉपचा मूळपुरुष. त्याच्या बोर्डवर रॅमच्या प्रत्येक रांगेत नऊ चिप होत्या. नववी 'पॅरिटी'ची. ती चूक दुरुस्त करत नसे, पण चूक झाली की मशीन काम थांबवून पडद्यावर तसं सांगायचं. १९९०च्या दशकाच्या मध्यात किमतीच्या शर्यतीत पीसीवाल्यांनी ती चिप काढून टाकली. म्हणजे डेस्कटॉपला हे कधी लागतच नव्हतं, हे खरं नाही. त्याच्याकडे ते होतं आणि ते काढून घेतलं गेलं.

चार हजार रुपये

२००९चा मार्च अखेर. मी बारा वर्षांचा होतो. पतसंस्थेत पिग्मीच्या खात्यांची तेरीज जुळेना. फरक चार हजारांचा. बाबा तीन रात्री उशिरापर्यंत तिथेच होते. शेवटी खातं सापडलं. हातगाडीवर भाजी विकणाऱ्या एका माणसाचं ते खातं, फेब्रुवारीत बंद झालेलं. एजंटच्या डायरीत आणि जमा केलेल्या पासबुकात शिल्लक ११,३५०. कॉम्प्युटरवर १५,३५०. गर्दीच्या दिवशी कॉम्प्युटरचा आकडा पाहून पैसे दिले गेले होते, आणि तो माणूस गाव सोडून गेला होता.

लेखापरीक्षकांनी शेरा मारला : लिपिकाची नजरचूक. अंकांच्या कीपॅडवर १ आणि ५ जवळच असतात, बोट घसरलं असणार. बाबांनी वाद घातला नाही. दरमहा हजार, असे चार हप्ते पगारातून गेले. पैशांचं दुःख वर्षभरात संपलं. पण त्यानंतर प्रत्येक आकडा दोनदा मोठ्याने वाचायची सवय त्यांना लागली, ती निवृत्तीपर्यंत सुटली नाही. दुधाचा हिशेबसुद्धा ते दोनदा वाचतात. "नजरचूक होते माझी," असं म्हणत.

२०१३ साली संस्थेने ते मशीन बाद केलं आणि बाबांनी दीड हजाराला घरी आणलं. तो माझा पहिला कॉम्प्युटर. त्यावर मी सी शिकलो. तो मधूनच अडायचा. उतरवलेल्या झिप फायली कधी उघडायच्या, कधी 'सीआरसी एरर' म्हणायच्या. जुनं मशीन म्हणून मी सोडून द्यायचो. इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी पेन ड्राइव्हवरून त्याला मेमटेस्ट लावला आणि झोपलो. सकाळी पडदा लाल ओळींनी भरला होता. सगळ्या चुका एका पट्टीच्या एकाच भागात, आणि प्रत्येक ओळीत उलटलेला बिट तोच : बाइटमधला तिसरा, ज्याची किंमत ४ असते.

आता एक साधी गोष्ट. संस्थेचं सॉफ्टवेअर फॉक्सप्रोमध्ये होतं. फॉक्सप्रोच्या फायलीत रक्कम अक्षरांसारखी, एकेक अंक सुटा साठवली जाते. '१' या अंकाचा संकेत ००११०००१. '५'चा ००११०१०१. दोघांत फरक एका बिटाचा. तिसऱ्या.

मी हे सिद्ध करू शकत नाही. मधे आठ वर्षं गेली होती. रॅम बदलल्याचं बाबांना आठवत नव्हतं, पण आठवण म्हणजे पुरावा नव्हे. त्यांचं बोट खरंच घसरलं असेल. पण मी त्यांना हे सगळं समजावून सांगितलं, तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला : "मग तेव्हा मशीनने सांगितलं का नाही?"

माझं सगळं म्हणणं या प्रश्नात आहे. मशीनने सांगितलं नाही, कारण सांगण्याची सोय त्यात ठेवलेलीच नव्हती. नववी चिप असती तर तो बिट जागच्या जागी दुरुस्त झाला असता, आणि अमुक पट्टी वारंवार चुकते अशी नोंद राहिली असती. नोंद नव्हती, म्हणून मशीन निर्दोष ठरलं. जिथे यंत्र साक्ष देत नाही, तिथे चूक माणसाच्या नावावर लिहिली जाते. त्या मशीनची नववी चिप मग बाबाच झाले, आकडे दोनदा वाचून.

हे खरंच घडतं का?

एका घरच्या कहाणीवरून नियम काढू नये, हे मला कळतं. म्हणून मोजलेलं सांगतो. २००९ साली, त्याच वर्षी, गूगलच्या मशीनांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अडीच वर्षं त्यांच्या डेटा सेंटरांतली रॅम पाहिली गेली. वर्षभरात सुमारे एक तृतीयांश मशीनांत आणि सुमारे ८ टक्के पट्ट्यांत निदान एक तरी दुरुस्त होण्याजोगी चूक नोंदली गेली. या चुका सगळ्यांत सारख्या विखुरलेल्या नव्हत्या. जी पट्टी एकदा चुकली ती पुन्हा पुन्हा चुकत होती. म्हणजे अवकाशातून आलेल्या एखाद्या कणाचा क्वचित धक्का एवढंच हे प्रकरण नाही. पट्ट्या खराब होतात आणि होत राहतात.

ही संख्या आपल्याला कळली, कारण त्या मशीनांत नववी चिप होती. घरातल्या पीसीबद्दल असं सहज मोजताच येत नाही. २०११ साली मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी जवळपास दहा लाख ग्राहकांच्या पीसींकडून आलेले क्रॅशचे अहवाल तपासले. मेमरीतल्या ज्या थोड्या भागात बदल होणं अपेक्षितच नसतं, तेवढाच त्यांना तपासता आला. तिथेही हेच दिसलं : एकदा बिट उलटलेल्या मशीनमध्ये तो पुन्हा उलटण्याची शक्यता कितीतरी पटींनी वाढते. बाकीच्या मेमरीत काय उलटलं, ते कुणालाच ठाऊक नाही.

आणि एक बेल्जियमची गोष्ट. मे २००३च्या निवडणुकीत ब्रसेल्सजवळच्या स्कारबेक इथे एका उमेदवाराच्या मतांत ४,०९६ मतं जास्त निघाली. शक्य होती त्याहून मतं जास्त झाल्याने ते लक्षात आलं. ४,०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात, म्हणजे नेमका एक बिट. सॉफ्टवेअरमध्ये दोष सापडला नाही, आणि तपासाअंती बिट आपोआप उलटल्याचंच स्पष्टीकरण दिलं गेलं. आकडा अशक्य होता म्हणून पकडला गेला. शक्य वाटणारा आकडा कोण पकडणार? भाजीवाल्याच्या खात्यात १५,३५० असणं अशक्य नव्हतं.

कुंपण कुणी घातलं

आता मुख्य आरोपाकडे येतो. रॅमशी बोलणारा मेमरी कंट्रोलर हल्ली प्रोसेसरच्या आतच असतो. म्हणजे नववी चिप वाचायची की नाही, हे प्रोसेसर ठरवतो. खरं तर तो विकणारा ठरवतो.

इंटेलची २०१७ची पिढी घ्या. कोअर आय३-८१०० हा स्वस्तातला प्रोसेसर, त्याला ईसीसी चालतं. त्याच पिढीतला, तिपटीने महाग कोअर आय७-८७००के, त्याला चालत नाही. तांत्रिक अडचण असती तर ती स्वस्त चिपला आधी आली असती. कारण सोपं आहे. छोट्या सर्व्हरमध्ये आय३ बसत होता, तिथे त्याला ईसीसी लागत होतं. पण आय७ला ते दिलं, तर त्याच ताकदीचा झिऑन कोण घेणार?

त्याआधी २०१४च्या सुमाराला झिऑन ई३-१२३१ व्ही३ होता. चार कोअर, आठ धागे, आय७-४७७०चा जवळजवळ जुळा भाऊ, फक्त ग्राफिक्स नाही. साध्या बोर्डवर चालायचा, म्हणून गेम खेळणारी पोरंही घ्यायची. २०१५च्या पुढच्या पिढ्यांत सॉकेट तोच ठेवून झिऑनला सर्व्हरचा चिपसेट असलेलाच बोर्ड सक्तीचा केला गेला. बाराव्या पिढीपासून बऱ्याच आय५, आय७ आणि आय९ना ईसीसी मिळालं, पण डब्ल्यू६८० हा महागडा चिपसेट असलेला बोर्ड घेतला तरच. तालुक्याच्या गावात असा बोर्ड मागून पाहा.

एएमडी तुलनेने बरी, पण धुतल्या तांदळासारखी नाही. २०१९पासून रायझन आणि एपिक दोघांत आठ कोअरचा सिलिकॉनचा तोच तुकडा बसतो. रायझनमध्ये एक किंवा दोन, त्या ९६ कोअरच्या एपिकमध्ये बारा. बऱ्याच रायझनमध्ये ईसीसी बंद केलेलं नाही, पण ते चालेल याची जबाबदारी बोर्ड बनवणाऱ्यावर ढकललेली असते. मग २०२४ साली रायझनच्याच सॉकेटमध्ये बसणारे, त्याच घडणीचे एपिक ४००४ आले आणि त्यांना ईसीसीची अधिकृत हमी मिळाली. नाव बदललं, वर्ग बदलला.

लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्‌सने जानेवारी २०२१मध्ये याच मुद्द्यावर इंटेलवर जाहीर आग पाखडली होती. सामान्य पीसीतून ईसीसी हद्दपार होण्याला इंटेलचं धोरण जबाबदार आहे, असं त्याचं म्हणणं होतं. कर्नेलमधले न उलगडलेले दोष आयुष्यभर शोधत आलेल्या माणसाचा तो राग होता. दोष सॉफ्टवेअरचा की रॅमचा, हे कळण्याची सोय नसेल तर शोधायचं तरी काय?

'पण' म्हणणाऱ्यांसाठी

"महाग पडेल." आठाच्या जागी नऊ चिप, म्हणजे साडेबारा टक्के जास्त. डीडीआर५मध्ये पट्टी दोन भागांत वाटलेली असते, तिथे आठाला दोन लागतात, पंचवीस टक्के. हा खर्च खरा आहे. पण बाजारात ईसीसीची पट्टी याहून बरीच महाग मिळते, कारण ती कमी खपते. कमी खपते, कारण डेस्कटॉपवर चालत नाही. आणि चालत नाही, कारण म्हणे लोक मागत नाहीत. या गोल चक्राला गरज म्हणता येणार नाही.

"डीडीआर५मध्ये ईसीसी आतच असतं." अर्धं खरं. तिथे प्रत्येक चिप स्वतःच्या पोटातल्या चुका स्वतःच सुधारते. चिप इतक्या दाट झाल्या की त्याशिवाय त्या विकण्याजोग्या बनवणं अवघड झालं. पण चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर काही बिघडलं तर त्याला ते कळत नाही. शिवाय ती चिप प्रोसेसरला सहसा काही कळवतही नाही. साक्षीदार आहे, पण मुका.

"सॉफ्टवेअरच्या चुका याहून कितीतरी जास्त असतात." मान्य. मी स्वतः त्या करून पोट भरतो. म्हणूनच दोन्ही वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत.

"गेम खेळणाऱ्याला काय करायचंय?" काही नाही. पडद्यावरचा एक ठिपका चुकीच्या रंगाचा दिसला तर कुणाचं बिघडत नाही. पण तोच पीसी घरातले फोटो ठेवतो, दुकानाचं जीएसटी भरतो, ग्रामपंचायतीत दाखले काढतो. युनिकोडमध्ये 'ख' आणि 'ग' यांच्यातही एकाच बिटाचा फरक आहे. 'खत'चं 'गत' व्हायला तेवढं पुरतं, आणि कागदावर सही तलाठ्याची किंवा लिपिकाची असते.

"बॅकअप आहे की." बॅकअप हवाच, यूपीएसही हवा. पण रॅममध्ये बिघडलेला आकडा बॅकअपमध्येही बिघडलेलाच जातो, आणि तिथे सुरक्षित राहतो.

आणि एक गंमत सांगायची राहिली. माझ्या भावाला जो जुना झिऑन मिळत होता, त्याच्यासोबत येणारी रॅम सर्व्हरमधून काढलेली ईसीसीची होती. नव्या डेस्कटॉपवर ती चालत नाही, म्हणून तीही भंगाराच्या भावाने. आमच्या पतसंस्थेला नव्या 'सर्व्हर – १ नग'मध्ये जे नाकारलं जात होतं, ते गेम खेळणाऱ्या पोराच्या भंगारात फुकट येत होतं.

मोठ्या बँकेचं डेटा सेंटर नवव्या चिपशिवाय उभं राहत नाही. तिथल्या आकड्याला साक्षीदार आहे. तोच आकडा खेड्यातल्या काउंटरवरच्या पीसीत येतो तेव्हा साक्षीदार बाहेर ठेवला जातो. पैसा तोच असतो, फक्त माणूस लहान असतो. लहान माणसाला कमी कोअर द्या, कमी लेन द्या, त्याला जास्त लागतही नाहीत. पण बरोबर बेरीज ही काही मोठ्यांची चैन नव्हे.

मी चौथं कोटेशन मागवलं. ईसीसी चालेल असा प्रोसेसर, तसा बोर्ड, नऊ चिपच्या पट्ट्या. दिवे नाहीत, काच नाही. अठरा हजारांनी महाग पडलं. संचालक मंडळाची बैठक पुढच्या आठवड्यात आहे आणि तीन जणांनी आधीच सांगितलंय की एवढ्याची गरज नाही. मी बैठकीला जाणार आहे. सोबत बाबाही येतो म्हणालेत. तांत्रिक बोलायचं काम माझं. त्यांना फक्त २००९च्या लेखापरीक्षण अहवालातलं ते पान काढून हवंय, शेरा असलेलं. ते वाचून दाखवणार आहेत. दोनदा.